जळकोटचा रकाना

गोचीड आप्पा समोर आले की आधी कानामागं बघत. माणूस असो, बैल असो, रामराम नंतर. तुम्ही बोलत असायचात आणि त्यांची नजर तुमच्या कानाच्या पाळीवरून मागं, तिथून मानेवर आणि मानेवरून कॉलरमध्ये शिरत असायची. नव्या माणसाला वाटायचं, ह्यांना आपलं ऐकायचंच नाही. पहिल्या दिवशी मीही चिडले होते. तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "ढोराला बोलता येत न्हाई म्हणून कानामागं बगावं लागतंय. माणसाला बोलता येतंय, पर ते खरं सांगत न्हाई. म्हणून त्याचं बी बगावं लागतंय."

सरकारी कागदावर त्यांचं पद होतं व्रणोपचारक. लोक ड्रेसर म्हणत. इस्लापूरच्या पुढं, जंगलाला लागून असलेल्या एका गावात जनावरांचा दवाखाना आणि माझं आरोग्य उपकेंद्र एकाच भिंतीच्या दोन बाजूंना होतं. एका बाजूला मी, आरोग्यसेविका, मूळची निलंग्याची, नोकरीपायी इतक्या लांब आलेली. दुसऱ्या बाजूला आप्पा, मूळचे जळकोट तालुक्यातले, तेही नोकरीपायीच आलेले, पण माझ्या कितीतरी आधी. मधल्या भिंतीत एक खिडकी होती. माझ्याकडचा कापूस संपला की तिकडून यायचा, त्यांच्याकडचं स्पिरिट संपलं की इकडून जायचं, आणि चार वाजता चहाचे कप त्याच वाटेनं येत-जात.

मला पहिल्यापासून याद्यांची सवय. गरोदर बायांची यादी, लसींची यादी, ताप आलेल्यांची यादी, उद्याच्या कामांची यादी. झालेलं काम खोडल्याशिवाय मला जेवण जात नाही. आप्पांना कागदाचा कंटाळा. त्यांची यादी बाटल्यांची होती. इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या धुऊन त्यात ते स्पिरिट घालत आणि गावोगावच्या जनावरांवरून काढलेले गोचीड त्यात ठेवत. वर चिकटपट्टी लावून लिहीत: गाव, महिना, बैल की गाय की शेळी. दवाखान्यात जागा नव्हती म्हणून ह्या बाटल्या त्यांच्या घरी, स्वयंपाकाच्या फळीवर. काकू, म्हणजे त्यांच्या मंडळी, एकदा मला म्हणाल्या, "दुसऱ्याच्या फळीवर जिरं-मव्हरी असतंय, माझ्या फळीवर हे. पाव्हणे आले की मी पडदा लावते." आप्पा बाहेरच्या खोलीतून म्हणाले, "पडदा लाव, पर बाटल्या उन्हात ठिवू नको."

कुणाच्या हुद्द्याचा त्यांच्यावर परिणाम होत नसे. जिल्ह्याहून एक साहेब तपासणीला आले होते. रजिस्टरवर सही कमी आहे, तारीख कमी आहे, असं त्यांचं चाललं होतं. आप्पा हात जोडून उभे. मधेच पुढं झाले, साहेबांच्या कॉलरमधून चिमट्यानं एक गोचीड अलगद उचलला आणि विचारलं, "साहेब, वाटेत कुठं बसला होताव का गवतात?" साहेबांनी सहस्रकुंडाजवळ गाडी थांबवली होती. आप्पांनी बाटली काढली आणि साहेबांच्या देखत चिकटपट्टीवर लिहिलं: सहस्रकुंड, भाद्रपद, साहेब. त्यानंतर तपासणी लवकर आटोपली.

आमचं खरं काम सुरू झालं ते माझ्या तापाच्या यादीवरून. पाऊस ओसरायला लागला की दरवर्षी काही माणसांना वेगळाच ताप यायचा. मलेरियाची तपासणी केली तर काही निघत नसे. डोकं भयंकर दुखायचं, चौथ्या-पाचव्या दिवशी हातापायांवर, अगदी तळहातावरसुद्धा, बारीक लाल पुरळ दिसायचं, आणि मग माणूस बरळायला लागायचा. घरातल्यांना ओळखेना, उठून पळायला बघे. लोक म्हणत बाहेरचं झालं, आणि त्यातच दिवस जात. दोन माणसं माझ्या यादीत अशी होती की त्यांच्या नावापुढं नंतर काही लिहायची गरज उरली नाही.

एकदा चहा पिता पिता आप्पांनी खिडकीतून यादी मागितली. नावं त्यांनी वाचलीच नाहीत. ताप सुरू झाल्याच्या तारखा वाचल्या आणि विचारलं, "अमावस्या कवा होती?" मी कॅलेंडर बघून सांगितलं. मग ते बोटांच्या पेरांवर मोजत बसले. एक नाव, दुसरं नाव, तिसरं. सगळ्यांचा ताप पोळ्यानंतर आठ ते पंधरा दिवसांतला. म्हणाले, "बाई, तुमच्या यादीत गाव हाय, वय हाय, तारीख हाय. ढोर कुठं हाय?"

तेव्हा मला कळलं नाही. त्यांनी समजावून सांगितलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळण असते. बैलांना नदीवर नेऊन धुतात, खांद्यांना तूप-हळद चोळतात. पावसाळाभर जंगलात चरून आलेला बैल त्या दिवशी सगळ्या घराच्या हाताखालून जातो. बायका, माणसं, जो तो त्याच्या कानातले, शेपटीखालचे गोचीड ओढून काढतो आणि दोन नखांमध्ये दाबून फोडतो. फट् आवाज झाला की समाधान. बैलावरची माया ती. गोचिडाच्या आतलं सगळं नखांना, बोटांच्या चिरांना लागतं, आणि त्याच हातांनी पुढचं काम सुरू.

मी घरोघर परत जाऊन दोन रकाने भरून आणले: घरात जनावर कोणतं, आणि गोचीड कोणी काढले. आजारी पडलेला जवळजवळ प्रत्येक माणूस गोचीड काढणारा निघाला. केंद्रावरच्या डॉक्टरांनी यादी दोनदा वाचली. रक्त बाहेर तपासायला पाठवलं. गोचिडापासून येणारा ताप निघाला, तोच पुढं मेंदूपर्यंत जात होता. डॉक्टर म्हणाले, गोळी साधी आहे, आपल्या कपाटातच आहे. फक्त पहिल्या तीन-चार दिवसांत पोटात गेली पाहिजे. उशीर झाला की तीच गोळी काही करू शकत नाही. म्हणजे सगळा खेळ एवढाच होता: हा ताप कुठं येतो आणि कधी येतो हे आधी माहीत असणं.

तेव्हापासून खांदेमळणीच्या दिवशी आप्पा चिमटा आणि रॉकेल घातलेली करवंटी घेऊन नदीवर बसायला लागले. प्रत्येकाला सांगत, चिमट्यानं धरा, करवंटीत टाका, नखानं फोडू नका. म्हाताऱ्या बायका त्यांची टर उडवत. एकीनं विचारलं होतं, आप्पा, गोचिडाला वाटी दिली, आता ताट कवा मांडणार? ते म्हणाले, तू फोडायचं सोड, मी पाटसुदीक मांडतो.

यादीच्या बाबतीत ते माझ्यावर एकदाच रागावले. आमच्या हद्दीत नाल्यापलीकडं एक तांडा होता. नाल्याला पाणी असलं की तिकडं जाता येत नसे. महिनाअखेरीला यादी पूर्ण करायची म्हणून मी तांड्यापुढं शून्य लिहिलं. आप्पांनी खिडकीतून पाहिलं.

"तांड्यावर एक बी ताप न्हाई?"

"नाही. शून्य."

"कोण गेलं होतं?"

कोणी नाही, नाल्याला पाणी आहे, मी सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला. "मंग शून्य कसं काय? शून्य म्हंजी जाऊन पाहिलं आन् गावलं न्हाई. तुम्ही पाहिलंच न्हाई बाई. पाहिलं न्हाई आन् न्हाई, ह्यात लई फरक हाय. तुमचं शून्य वाचून दुसरा माणूस बेफिकीर होतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी बैल बांधायचा कासरा घेऊन ते माझ्या दारात हजर. कासरा धरून आम्ही नाला ओलांडला. तांड्यावर एक बाई चार दिवसांपासून तापात होती, आदल्या संध्याकाळपासून बरळत होती. बाजेच्या चारी पायांना लिंबं बांधलेली. तिचा नवरा आम्हांला आत येऊ देईना. आप्पा त्याच्याशी भांडले नाहीत. बाहेरूनच बाईचे तळहात बघितले आणि म्हणाले, "बाहेरचं असंल तर असू द्या. पर हे आतलं बी हाय. आतल्याला आमी गोळी देतो, बाहेरच्याचं तुम्ही बगा." नवरा विचारात पडला आणि बाजूला झाला. मी पहिली गोळी तिथंच दिली, मग त्याच बाजेवरून तिला नाल्यापार आणलं. ती वाचली. एका कानानं कमी ऐकू येतं तिला, पण वाचली.

त्यानंतर जिथं कोणी गेलं नसेल त्या गावापुढं मी अक्षरात लिहायला लागले: पाहिलं नाही. डॉक्टर हसायचे, म्हणायचे, हे कुठल्या नमुन्यात बसतं? पण खोडत नसत.

मग माझी लातूर जिल्ह्यात बदली झाली. घराजवळ, म्हणून मीच मागितलेली. पाठोपाठ आप्पा निवृत्त झाले आणि जळकोटकडं आपल्या गावी गेले. थोडी जमीन, दोन बैल, एक गाय. माझं काम आता कार्यालयात होतं. तालुक्यातालुक्यांतून आलेले आकडे संगणकात भरायचे. गोचिडाच्या तापाचा रकाना मीच आग्रह करून त्यात घालून घेतला होता. पण त्या फॉर्ममध्ये अक्षरं चालत नव्हती, रकाना रिकामा ठेवला तर पान पुढं सरकत नव्हतं. शून्य टाकलं की पान हिरवं व्हायचं. ज्या तालुक्यांतून काही कळलेलं नव्हतं तिथं मी शून्य टाकत गेले. त्यात जळकोट होतं.

पोळा आला की आप्पांचा फोन यायचा. बैलांची तब्येत, काकूंचे गुडघे, आणि मग यादी कुठवर आली. दुसऱ्या वर्षी त्यांनी विचारलं, "आमच्या जळकोटाफुडं काय लिव्हलंय?"

"शून्य."

"शून्य की पाहिलं न्हाई?"

मी फॉर्मची अडचण सांगितली. ते म्हणाले, गोचीड काय तालुका बगून चावत न्हाई बाई, या एकदा. मी म्हणाले, येते. आधी जवळची चार गावं पाहून घेते आणि तुमच्या गावी सगळ्यात शेवटी येते, जेवायलाच. त्यांना ते फार आवडलं. लगेच काकूंना हाक मारून सांगितलं.

फोन ठेवून मी वहीत लिहिलं: जळकोट, पाहणी, चार गावं. पुढच्या महिन्यात लसीकरणाचा आठवडा आला. मग निवडणुकीचं काम, मग लेखापरीक्षण, मग मुलीची बारावी. वहीत ते काम मी कधी खोडलं नाही. दर महिन्याला ते नव्या पानावर उतरवून घेत गेले. अशी नीट उतरवलेली कामं बघून माणसाला वाटत राहतं की ती होत आहेत.

पुढच्या वर्षी पोळ्याला आप्पांचा फोन आला तेव्हा मी बैठकीत होते. नंतर करते म्हणाले आणि राहिलं.

पोळ्यानंतर दोन आठवड्यांनी त्यांच्या मुलीचा, सुनंदाचा, फोन आला. आप्पांना चार दिवस ताप होता, डोकं उचलवत नव्हतं, उदगीरला एका दवाखान्यात आणलं होतं. डॉक्टरांना डेंग्यू वाटत होता. आप्पा मात्र सारखे म्हणत होते, हे गोचिडाचं असंल, बाईला इचारा, बाईकडं यादी हाय. डॉक्टर भले होते. त्यांनी सुनंदाच्या हातून फोन घेतला आणि स्वतः विचारलं, मॅडम, जळकोट भागात हा ताप येतो का? पेशंट फार आग्रह धरत आहेत.

समोर संगणक उघडाच होता. मी जळकोटची ओळ काढली. हिरवी होती.

"नाही सर," मी म्हणाले. "जळकोटला नाही. शून्य आहे."

त्यांनी आभार मानले. मी सुनंदाला काळजी घ्यायला सांगितलं, रक्ताचा रिपोर्ट आला की कळव म्हणाले, आणि पुढच्या तालुक्याचे आकडे भरायला घेतले.

दोन दिवसांनी सकाळी एसटीत बसल्या बसल्या मी दिवसाच्या कामांची यादी काढत होते. जळकोट, पाहणी, असं सवयीनं लिहिलं आणि पेन तिथंच थांबलं. बसमधूनच सुनंदाला फोन लावला. आप्पांना पहाटे लातूरला हलवलं होतं. आदल्या दिवसापासून बरळत होते.

मी पोचले तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी तळहातावरचं पुरळ पाहून औषध सुरू केलेलं होतं. सहावा दिवस होता. आप्पांनी मला ओळखलं नाही. ते बैलांशी बोलत होते. "थांब राजा, थांब. झालंच." हात हवेत काहीतरी वेचत होता, अंगठा आणि बोट जुळवून. सुनंदा तो हात धरून खाली ठेवायची, तो पुन्हा वर यायचा. दोन दिवस असं चाललं. मग हात वर आला नाही. नवव्या दिवशी आप्पा गेले.

तेरावा झाल्यावर मी त्यांच्या गावी गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. गावात घट बसले होते. आप्पांच्या घरात नव्हते. काकू ओसरीवर सूप घेऊन मूग निवडत होत्या. मी पाया पडले. भाकरी खाऊन जा म्हणाल्या. मी सांगितलं की मी कामासाठी आले आहे, नोंद करायची आहे, जमेल का? त्यांनी मानेनंच हो म्हटलं. माझी ही पद्धत त्यांना माहीत होती.

मी कागद काढला. नाव, वय, गाव. घरात जनावरं: बैल दोन, गाय एक. गोचीड कोणी काढले?

"त्येनीच. आमच्या दोन बैलांचे आन् गल्लीतल्या समद्यांचे. लोक बैल घिऊनच आले होते दारात."

"चिमट्यानं?"

"न्हाई ओ. मोतीबिंदूपासनं चिमट्याचं टोक दिसंना झालतं त्येनला. बोटाला कळतंय म्हणायचे."

मी लिहिलं: हातानं. ताप कधी आला, लिहिलं. शेवटचा रकाना होता, औषध कधी सुरू झालं. त्यात सहावा दिवस लिहिलं आणि पेन बाजूला ठेवलं. हे न सांगता मला त्या घरातून उठता आलं नसतं.

"काकू, उदगीरच्या डॉक्टरांनी मला फोनवर विचारलं होतं. जळकोटला हा ताप नाही, असं मीच सांगितलं. मी इकडं एकदाही येऊन बघितलेलं नव्हतं."

काकूंचं बोट मुगातून फिरत राहिलं. एक खडा काढून त्यांनी अंगणात टाकला.

"ठाव हाय. डॉक्टरनं फोन मोठ्या आवाजावर ठिवला होता. आमी समदे तिथंच होतो."

"आप्पांनी ऐकलं?"

"ऐकलं की." त्यांनी सूप हलवलं. "म्हणले, मंग बाईनं पाहिलं असंल. आन् गप झाले. त्येच्यानंतर त्येनी गोचिडाचं नाव काढलं न्हाई."

काकूंनी मला रडू नको म्हटलं नाही, की रड म्हटलं नाही. थोड्या वेळानं त्यांनी सूप भिंतीला टेकवून ठेवलं, गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि पदर खोचला.

"आता आलाव तर समदं गाव बगून जावा. मी येते संगं. माणसं तुम्हांला वळखत न्हाईत, दार उगडणार न्हाईत."

पहिलंच घर लागून होतं. तिथल्या सुनेला ताप होता, डोक्याला फडकं बांधून ती भिंतीकडं तोंड करून निजली होती. काकू तिच्या उशाशी बसल्या आणि तिला उठवून माझ्याकडं वळवलं. किती दिवस झाले म्हणून मी विचारलं. सासू म्हणाली, कालच्याला आला.